प्लास्टिकचे डायनासोर नव्याने रंगवणे: आपल्या उन्हात टिकेल असं काम

मुरूममाती
जत्रेत, आठवडी बाजारात, बसस्टँडवरच्या दुकानात मिळणारे प्लास्टिकचे डायनासोर घ्यायचे, त्यांची ठेवण सुधारायची आणि नव्याने रंगवायचे, या कामाची माहिती मराठीत एका जागी असावी म्हणून हा धागा. व्हिडिओ भरपूर आहेत, पण बहुतेक थंड हवेतले. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, टिनाखाली त्याहून जास्त, आणि जुलैत भिंतीला ओल. तिथली अर्धी कृती इथे फसते.

सुरुवात रंगापासून करू नका, प्लास्टिकपासून करा. तीन जाती भेटतात: मऊ पीव्हीसी, पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन, आणि कडक एबीएस. ओळखायला पायाच्या तळव्यातून नखाएवढी चकती कापा. अख्खं खेळणं पाण्यात टाकू नका, पोकळ असेल तर कुठलंही तरंगणारच. साध्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घाला, म्हणजे चकतीला बुडबुडे धरत नाहीत. मग चकती बोटाने पाण्याखाली दाबून सोडा. वर आली तर पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. बुडून राहिली तर १०० मिली पाण्यात २० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि त्यात टाका. आता वर आली तर एबीएस किंवा पॉलिस्टायरीन, तरीही तळाशीच राहिली तर पीव्हीसी. मिठाच्या पाण्याची घनता साधारण १.१२ होते, एबीएसची १.०५ च्या आसपास असते आणि पीव्हीसीची १.२ च्या वर.

काही जण तुकडा जाळून वासावरून ओळखा म्हणतात. ते अजिबात करू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो छातीला आणि डोळ्यांना वाईट. त्याच कारणाने तापवलेल्या सुईने भोक पाडणंही नको.

पऱ्हाटी
चांगलं सुरू केलंत दादा. धुण्याबद्दल जोडते.

साच्यातून सुटावं म्हणून कारखान्यात जो तेलकट थर लावतात तो खेळण्यावर राहिलेला असतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, आणि खवल्यांच्या खाचांत नीट घासणं. दोनदा धुवा, सावलीत वाळवा. मग मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापूस ओला करून एकदा पुसून घ्या. त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नका. तळव्याला दुतर्फा टेप लावून रिकाम्या बाटलीच्या झाकणावर चिकटवायचं आणि झाकण धरून काम करायचं.

थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीच मऊ पीव्हीसीवर लावू नका. पृष्ठभाग विरघळतो, खवले सपाट होतात, आणि गेलेला खवला परत येत नाही.

नवशिका
स्प्रेने प्रायमर मारून आठ दिवस झाले, अजून बोट लावलं की चिकटतं. उन्हात ठेवलं तर जास्तच चिकट झालं. अजून किती दिवस लागतील?

पऱ्हाटी
ते आता वाळणार नाही दादा. कारण समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी टळेल.

पीव्हीसी मुळात कडक असतं, नळाच्या पाइपासारखं. ते मऊ व्हावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. हार्डवेअरच्या स्प्रे-डब्यातला रंग द्रावकात विरघळवलेला असतो. ते द्रावक पीव्हीसीत शिरतं, प्लास्टिसायझर वर ओढतं आणि रंगाचा थर आतून मऊ होऊन बसतो. ऊन लागलं की प्लास्टिसायझर आणखी वेगाने बाहेर येतं, म्हणून उन्हात जास्त चिकट झालं. एनॅमल, लॅकर, गाड्यांचा प्रायमर, सगळ्यांचं हेच.

आता उपाय. अल्कोहोल आणि टूथब्रशने दहा-पंधरा मिनिटं घासत तो थर काढा. अर्धवट वाळलेला असल्यामुळे बराचसा निघतो. साबणाने धुवा, आठवडाभर सावलीत उघडं ठेवा, रोज कोरड्या कापडाने पुसा. मग पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक प्रायमरचे दोन पातळ हात द्या. वरून टाल्कम पावडर लावून चिकटपणा झाकतात, पण पंधरा दिवसांत तो परत वर येतो आणि पावडरीमुळे पुढचा रंग धरत नाही.

सागपान
पॉलिथिलीनवाल्यांसाठी. जत्रेतल्या पिशवीतले हलके, मेणासारखे गुळगुळीत डायनासोर बहुतेक याच जातीचे असतात. यावर कुठलाही रंग खरं तर चिकटत नाही, फक्त वर बसून राहतो. नखाने खरवडलं की साल निघावी तसा निघतो. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा, मग गाड्यांच्या बंपरसाठी पीपी (पॉलिप्रॉपिलीनचा) प्रायमर मिळतो त्याचा एक पातळ हात. नागपूर, अमरावती, चंद्रपूरच्या ऑटोपेंटच्या दुकानांत विचारा. हा प्रायमर द्रावकाचा असला तरी इथे चालतो, कारण पॉलिथिलीनमध्ये प्लास्टिसायझर नसतं. एवढं करूनही तो फडताळात ठेवायचाच समजा, हाताळायचा नाही.

नवशिक्याने पीव्हीसीच घ्यावा असं माझं मत. जड, खवले खोल, आणि पाण्याच्या ॲक्रिलिकशी जमतं.

अजून एक. जुन्या खेळण्याचा मूळ रंग कोरडा घासू नका, पाणी लावूनच घासा आणि तोंडाला मास्क बांधा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण त्याआधीच्या आणि सुट्या मालाचा भरवसा नाही. आणि आपण रंगवलेला डायनासोर लहान लेकरांच्या हातात, तोंडात जाऊ देऊ नये, त्यावर चिन्ह असो नसो.

वैनगंगाकाठ
ठेवण सुधारण्याबद्दल लिहतो, कारण रंग कितीही चांगला लावला तरी शेपूट जमिनीवर घासणारा डायनासोर चुकीचाच दिसते.

स्वस्त खेळण्यांत तीन चुका कायमच्या. एक, शेपटीवर बसलेली कांगारूसारखी ठेवण. दोन, मांसभक्षकांचे तळहात जमिनीकडे. ते एकमेकांकडे पाहिजे, टाळी वाजवताना असतात तसे. तीन, सगळ्यांच्या चारही पायांना हत्तीसारखी नखं.

पीव्हीसी वाकवाले जुनं भांडं घ्या, स्वयंपाकाचं नको. पाणी उकळू द्या, उतरवा, दोनेक मिनिटं थांबा. शेपूट किंवा पाय त्यात दीड-दोन मिनिटं बुडवा, चिमट्याने काढा, पाहिजे तसा वाकवा आणि तसाच धरून थंड पाण्यात एक मिनिट बुडवा. एकाच वेळी पूर्ण वाकवू नका, दोन-तीन खेपांत करा. घाई केली तर वाकलेल्या जागी आतल्या बाजूले सुरकुती पडते.

आता आपल्याकडची गोष्ट. पीव्हीसीले जुना आकार आठवते. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत पाय हळूहळू मूळ ठेवणीवर जातात आणि दोन पायांचा प्राणी तोंडावर पडते. म्हणून वाकवून झालं की तार घालाच. पायासाठी सेंट्रिंगवाल्यांची १८ गेजची बाइंडिंग तार चालते, साधारण १.२ मिमी. मान आणि शेपटीसाठी कुंपणाची १४ गेजची जीआय तार, २ मिमी. हातड्रिलने तळव्यातून घोट्यापर्यंत, जमलं तर गुडघ्यापर्यंत भोक पाडा, तारेले कानशीने ओरखडे काढा, एपॉक्सी (दोन भाग मिसळले की घट्ट होणारा गोंद) लावून आत सरकवा. तळव्याखाली दीड सेंटिमीटर तार बाहेर ठेवा, ती पुढे पाटात, म्हणजे डायनासोर उभा करायच्या फळीत, रोवता येते.

नवशिका
पोकळ असेल तर?

वैनगंगाकाठ
मग पोटाखाली छोटं भोक पाडून पायांत एम-सील कोंबा. दोन्ही कांड्या समान घ्या, एकच रंग होईपर्यंत मळा, रेषा दिसत असतील तर कच्ची राहते. पायात कोंबताना एकावेळी वाटाण्याएवढीच घाला. मोठा गोळा हवा अडकवते आणि आत पोकळी राहते. उन्हाळ्यात ती लवकर घट्ट होते, म्हणून लागेल तेवढीच मळा.

मुरूममाती
आता मूळ मुद्द्याकडे. आपण विदर्भात बसून टी-रेक्स आणि ट्रायसेराटॉप्सच रंगवत राहतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वरोऱ्याजवळच्या पिसदुरा-डोंगरगाव भागात लमेटा नावाच्या खडकांच्या थरांतून डायनासोर निघालेत. आयसिसॉरस डोंगरगावचा. १९९७ मध्ये जैन आणि बंद्योपाध्याय यांनी त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हटलं, २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी आयसिसॉरस असं नवं नाव दिलं. त्यातलं ‘आयसि’ म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची आद्याक्षरं. गडचिरोलीत सिरोंचाकडे कोटा थर, तिथल्या कोटा गावावरून नाव पडलेला. त्याच थरातून, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, बारापासॉरस मिळाला. बंगालीत ‘बडो पा’ म्हणजे मोठा पाय. १९७५ मध्ये नाव दिलं, पुढचं टागोराय हे रवींद्रनाथांवरून.

यांची तयार खेळणी जत्रेत मिळत नाहीत. बनवावी लागतात. वैनगंगाकाठ भाऊ, ब्रॅकिओसॉरसवरून, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरवरून, आयसिसॉरस कसा करायचा ते सविस्तर लिहा.

वैनगंगाकाठ
लिहतो. २० ते २५ सेंटिमीटर उंचीचा पीव्हीसीचा ब्रॅकिओसॉरस घ्या. पुढचे पाय मागच्यापेक्षा लांब, पाठ मागे उतरती, हे आयसिसॉरसले जमते. जमत नाही ती मान. आयसिसॉरसची मान आखूड, जाड आणि वर उठलेली.

मानेच्या मधोमध एकूण लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा तुकडा कापून काढा. पात्याचा कटर वापरा, एका झटक्यात नाही, फिरवत फिरवत. आधी मान गरम पाण्यात मिनिटभर बुडवली तर पातं घसरत नाही. दोन्ही तोंडांत १४ गेजची तार दोन-दोन सेंटिमीटर आत रोवा. वरचा तुकडा बारीक आणि खालचा जाड असते, त्यामुळे सांध्यावर पायरी तयार होते. ती लपवू नका, उलट तिच्यावरच एपॉक्सी चढवून मान वरपासून खालपर्यंत जाड करा. मानेच्या वरच्या कडेले उंचवटा ठेवा, कारण त्याच्या मानेच्या मणक्यांचे काटे उंच होते.

यासाठी एम-सीलपेक्षा ‘शिल्पकार’ नावाने मिळते तशी पांढरी एपॉक्सी माती बरी, बारीक काम घेते. दोन्ही भाग समान, पाच मिनिटं मळा. या आकाराले ३० ते ४० ग्रॅम पुरते. बोटं आणि हत्यार पाण्याने ओलं ठेवा, पण थेंब सांध्यात जाऊ देऊ नका, माती सुटते. खवले उमटवाले त्याच खेळण्याच्या पोटाकडच्या भागावर एपॉक्सीचा पातळ चपटा तुकडा दाबून साचा घ्या (आधी तिथे टाल्कम पावडर लावा), दुसऱ्या दिवशी तोच साचा शिक्क्यासारखा मानेवरच्या ओल्या मातीत दाबा. खवल्यांचा आकार आपोआप जुळते. सुईने एकेक खवला कोरत बसलात तर नव्या-जुन्याची हद्द लांबूनच दिसते.

पुढच्या पायांची नखं तासून टाका. सगळी. आयसिसॉरसच्या टायटॅनोसॉर गटात पुढच्या पंजाची बोटं जवळपास नाहीशीच झालेली, पाऊल खांबासारखं. मागच्या पायाले तीन नखं ठेवा, बाहेर वळलेली. डोक्यावरची ब्रॅकिओसॉरसची उंच कमान ३-४ मिमी तासून उतरती करा. तासलेली पीव्हीसी केसाळ होते, तिच्यावर पॉलिश पेपर फिरवला तर आणखी केस उठतात. नव्या पात्याने शेवटचा पापुद्रा काढा आणि वर एपॉक्सीचा पातळ लेप द्या.

सागपान
मांसभक्षक पाहिजे असेल तर राजासॉरस. हाडं गुजरातेत रहिओलीची, नामकरण २००३, आणि थर लमेटाचाच. टी-रेक्सवरून करायचा तर थूथन आखूड आणि उंच करावं लागतं: १८ सेंटिमीटरच्या खेळण्यात डोळ्यापुढून ६ मिमीची फोड काढून दोन्ही बाजू जोडा. कपाळावर एकच बुटकं, गोलसर शिंग, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. टोकदार करू नका. हात त्याच्या नात्यातल्या कार्नोटॉरससारखे अगदी आखूड, कोपर जेमतेम दिसेल एवढे.

फटी भरायला फेविक्विक आणि खाण्याचा सोडा चालतो, क्षणात दगड होतो. पण दमट दिवसात फेविक्विकची पांढरी वाफ बाजूच्या खवल्यांवर बसते. पावसाळ्यात एपॉक्सीच वापरा.

पऱ्हाटी
आता रंग. ट्यूबमधले आर्टिस्ट ॲक्रिलिक घ्या. पोस्टर कलर पाण्याने सुटतो. कापडावरच्या रंगाचा थर मुद्दाम लवचीक ठेवलेला असतो, उन्हाळ्यात तो चिकट राहतो आणि फडताळातली धूळ धरतो.

पातळपणा दुधाएवढा. पहिला हात डागाळलेला दिसणारच, घाबरून जाड करू नका. तीन पातळ हात, प्रत्येकात अर्धा तास. जाड एका हातात खवल्यांच्या मधल्या खाचा बुजतात आणि पुढे वॉश (खाचांत उतरणारा पाण्यासारखा पातळ रंग) बसायला जागाच राहत नाही.

मे महिन्यात ब्रश खेळण्यापर्यंत पोचेतो टोक सुकतं. सकाळी सहा ते नऊ रंगवा. स्टीलच्या चपट्या डब्यात सुती कापडाची चार पदरी घडी पाण्याने ओली करा, वर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही ओला राहतो. दहा थेंब रंगात ग्लिसरीनचा एक थेंब चालतो, दोन घातले तर रंग आठवडाभर ओलसर राहतो. कूलरच्या झोतात बसू नका. गवताच्या जाळीतली कसपटं आणि बारीक तुषार दोन्ही येतात, आणि अर्धवट वाळलेल्या ॲक्रिलिकवर तुषार पडला की तिथे गोल पांढरा डाग राहतो.

सागपान
कुठला रंग द्यायचा, यावर. काही डायनासोरांचे रंग जीवाश्मातल्या रंगकणांवरून कळलेत. २०१० मध्ये सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस आणि फिकट पट्टे असल्याचं दाखवलं गेलं. २०१६ मध्ये सिटॅकोसॉरसची पाठ गडद, पोट फिकट. २०१७ मध्ये कॅनडातला बोरिआलोपेल्टा, हजार किलोंहून जड आणि अंगावर चिलखत, तरी तोही वर तांबूस-तपकिरी आणि खाली फिकट. म्हणजे एवढ्या मोठ्यालाही लपावं लागत होतं.

आपल्या डायनासोरांचे रंग असे मिळालेले नाहीत, मग आपल्या रानातली जनावरं पाहा. आयसिसॉरसला ताडोब्यातल्या गव्याची रंगसंगती फार शोभते: काळपट तपकिरी अंग, गुडघ्याखाली मळकट पांढरे मोजे. बर्न्ट अंबर ४ भाग, काळा १, आणि चिमूटभर अल्ट्रामरीन निळा. पोटाला येलो ओकर १, पांढरा ३. दोन्हींची हद्द ब्रशने ओढू नका. पॅकिंगच्या फोमचा तुकडा फाडून घ्या, कापू नका, फाटलेली कडच ठिपके नीट सोडते. त्याने गडद रंग खाली आणि फिकट रंग वर थोपटत न्या. राजासॉरसला तरण्या घोरपडीचे पिवळसर आडवे पट्टे. नर रोह्याची (नीलगायीची) निळसर राखाडीही छान बसते.

पट्टे किती रुंद? प्राणी मोठा तेवढे पट्टे कमी आणि रुंद. २५ सेंटिमीटरच्या आयसिसॉरसवर दोन मिमीचे पट्टे काढले तर तो सरड्याएवढा वाटायला लागतो.

मुरूममाती
वॉशचं प्रमाण मी देतो. बर्न्ट अंबर १, पाणी ९, साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर पाणी खवल्याच्या डोक्यावर थेंब धरून बसतं. असेल तर ते आपोआप खाली सरकतं आणि प्रत्येक खवल्याभोवती बारीक कडं तयार होतं. शिक्क्याने उमटवलेले खवले इथेच कामी येतात. एकेक भाग करा: आधी मान, मग खांदा. पोटाखाली जमलेलं थारोळं कोरड्या ब्रशने टिपून घ्या, नाहीतर वाळल्यावर पाण्याची रेघ उमटते.

दुसऱ्या दिवशी ड्राय ब्रश. मूळ रंगात पाचवा हिस्सा येलो ओकर. शुद्ध पांढरा नको, पिठात लोळल्यासारखं दिसतं. ब्रश वर्तमानपत्रावर पुसत राहा, कागदावर काहीच उमटेनासं झालं की मगच खवल्यांवरून आडवा फिरवा.

डोळा शेवटी. आधी काळा, आत मधासारख्या पिवळसर-तपकिरी रंगाची चकती, मध्ये काळी बाहुली, आणि टूथपिकने वरच्या कडेला मळकट पांढरा एकच ठिपका. दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. चकाकीसाठी पाण्याचा ग्लॉस वार्निश. नेलपॉलिश लावू नका, ते ॲक्रिलिकलाही विरघळवतं आणि पीव्हीसीलाही.

पऱ्हाटी
अंगाला मॅट वार्निश, तेही पाण्याचं. बाटली हलवू नका, बुडबुडे येतात. काडीने तळापासून ढवळा. मॅट करणारी भुकटी तळाशी बसते, न ढवळता घेतलं तर चकाकतं आणि शेवटची पाव बाटली लावली तर पांढुरकं होतं. दोन हात, मध्ये एक दिवस. कापूस घरात येऊन पडला असेल त्या दिवसांत वार्निश बंद खोलीत लावा आणि वर परात पालथी घाला. तंतू एकदा बसला की चिमट्याने काढताना रंगही येतो.

नवशिका
पाटावर शेतातलीच काळी माती लावली तर? वाळली की सगळीकडे तडे जातात.

वैनगंगाकाठ
तडे पाहिजे असतील तर तीच माती. आपली काळी माती ओलीत फुगते, वाळली की आकसते. नको असतील तर मुरूम किंवा नदीची रेती चहाच्या गाळणीने चाळा, तव्यावर दहा मिनिटं भाजा म्हणजे कीड आणि बुरशी राहत नाही, आणि फेविकॉल-पाणी समान घेऊन त्यात कालवा.

आटलेल्या तळ्याचा तळ करायचा तर काळी माती चाळून दह्याएवढी पातळ करा, फेविकॉल त्यात घालू नका, नाही तर तडे अर्धवट जातात. एमडीएफच्या पाटाले आधी वार्निश लावून ओरखडे काढा. २ मिमी थर दिला तर बारीक जाळी पडते, ५ मिमीचा दिला तर मोठी ढेकळं आणि कडा वर वळतात. सावलीत दोन दिवस वाळू द्या. उन्हात ठेवलं तर पूर्ण थरच सुटून निघते.

सागपान
गवत लावायचं का, हेही ठरवा. पिसदुऱ्याच्या शेणाच्या जीवाश्मांत गवताचे अंश सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे आयसिसॉरसच्या पायाशी गवताचे दोन-चार झुबके शोभतात, हिरवळ नको. बारापासॉरसच्या पाटावर मात्र एक काडीही नको, तो ज्युरासिक काळातला, कित्येक कोटी वर्षं आधीचा. तिथे नेचे आणि सूचिपर्णी.

नवशिका
तडे गेलेली माती पक्की कशाने करू? फेविकॉलचं पाणी सोडलं तर तडे बुजले.

वैनगंगाकाठ
बुजणारच, पाणी मिळालं की माती परत फुगते. तिथे पाण्याचं काहीच चालत नाही. जो द्रावकाचा क्लिअर स्प्रे खेळण्यावर नको म्हटलं तोच इथे वापरा. ३० सेंटिमीटरवरून तीन हलके फवारे, प्रत्येकात पंधरा मिनिटं, मोकळ्या अंगणात, वारा नसताना. पावसाळी दिवशी नको, थर दुधाळ होते. तार रोवायची भोकं मात्र माती लावायच्या आधीच पाडा आणि त्यात टूथपिक उभे ठेवा. वाळलेल्या मातीत ड्रिल फिरवलं तर ढेकूळ उडते. दोन दिवस उघडं ठेवा, वास पूर्ण गेला की टूथपिक काढा आणि मगच डायनासोर उभा करा. वास येत असताना ठेवला तर तळवे चिकट होतात.